डोंगराआड गेलेला आवाज

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी राजुरीला परत आले तेव्हा घरच्यांच्या डोक्यात माझं लग्न होतं आणि माझ्या डोक्यात नोकरी. दोन्हींपैकी काहीच लगेच जमलं नाही. मधल्या काळात मी रोज एसटीनं ओतूरला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायला लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुकानाच्या मालकांचे हात थरथरायला लागले होते, त्यामुळे सोल्डरिंगचे बारीक डाग देण्याची कामं माझ्याकडे आली. पुढे अँटेना बसवायलाही मीच जायला लागले. पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून कौलांवर चढणारी मुलगी बघायला आधी गर्दी जमायची, मग लोकांना सवय झाली.

डोंगराकडच्या वाड्यांमध्ये अँटेना लावणं म्हणजे परीक्षा असायची. मी वर पाइप इंच-इंच फिरवायची आणि खालून घरातलं कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं! न्हाई, गेलं! मुंग्या आल्या राव!" कधी टेकडीच्या माथ्यावरच्या घरात काहीच दिसायचं नाही आणि ओढ्याजवळच्या खालच्या घरात चित्र लख्ख यायचं. मालक सांगायचे, "उंची बघू नकोस पोरी. समोर डोंगर आडवा हाय का ते बघ." हे मी पुस्तकातही शिकले होते, पण कळलं ते तिथे, कौलांवर.

एकदा दुकानासमोर एक जीप थांबली. त्यातून उतरलेल्या साहेबांच्या हातात बिनतारी सेटचा जळालेला चार्जर होता. मी तो तासाभरात दुरुस्त केला. साहेब उभे राहून बघत होते. ते एका सर्वेक्षण कंपनीत इंजिनिअर होते. त्यांचं एक छोटं विमान जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांवरून फिरणार होतं. शेपटीला लांब दांडा लावलेलं ते विमान अगदी खालून, डोंगराच्या चढउतारांबरोबर वरखाली होत उडायचं आणि जमिनीखालच्या खडकांची मोजणी करायचं. इतक्या खालून उडालं की डोंगर मधे येतो आणि धावपट्टीवरच्या माणसांशी वैमानिकाचं बोलणं होत नाही. म्हणून एखाद्या उंच डोंगरावर सेट घेऊन बसणारं माणूस त्यांना हवं होतं. विमानाचं ऐकायचं आणि कंपनीच्या जुन्नरच्या छावणीला कळवायचं, छावणी पुढे धावपट्टीवर फोन करणार.

"इंग्रजी येतं?" साहेबांनी विचारलं.

"वाचता येतं," मी म्हणाले.

"तेवढं पुरे. वीस-पंचवीस शब्दांचंच बोलणं असतं. डोंगरावर राहावं मात्र लागेल."

राहायचं म्हटल्यावर वडील अडले. त्यांनी आयुष्यभर कांदा आणि ऊस केला होता, आणि मुलीनं डोंगरावर तंबूत राहून विमानाशी बोलायचं, हे त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. पण नाही म्हणण्याआधी जागा बघून येतो म्हणाले. आम्ही दोघं जुन्नरहून एसटीनं गेलो आणि पुढे दीड तास चढलो. आंबे-हातवीजच्या पठाराच्याही वर एका माथ्यावर कंपनीनं तंबू ठोकला होता. थोडं खाली एक घर होतं. तिथे साठीच्या घरातलं एक जोडपं राहायचं, पुढे माझे काका आणि मावशी झालेलं. जुनं मेंढपाळाचं घर. पूर्वी दर वर्षी दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन घाटानं कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचे. काकांचा गुडघा दुखावल्यापासून फिरणं बंद झालं होतं. आता थोडी नाचणी, थोडा भात आणि तीस-चाळीस मेंढरं उरली होती. कंपनीनं काकांना तंबूवर राखणदार नेमलं होतं.

वडिलांनी मावशींच्या हातचा कोरा चहा घेतला. मग म्हणाले, "पोरगी हितं ऱ्हायची म्हंजी..."

"माज्याजवळ निजंल की," मावशी म्हणाल्या. "मला लेक न्हाई. तुमी काय काळजी करू नका पावणं. तिला कुणी वाकडं बघितलं तर आमची दोन कुत्री हायेत, आन् तिसरी मी."

वडील हसले. तिथेच ते ठरलं.

मी फेब्रुवारीत कामाला लागले. तंबूत हातात धरायच्या एका छोट्या सेटशिवाय दोन मोठे सेट होते. एक विमानाशी बोलायचा, दुसरा जुन्नरच्या छावणीशी. विमान सकाळी लवकर बारामतीकडच्या धावपट्टीवरून निघायचं, कारण दुपारी ऊन चढलं की हवा उसळते आणि खालून उडणं कठीण होतं. वैमानिक वायुदलातून निवृत्त झालेले, पंजाबकडचे होते. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. ते मला 'हिल' म्हणायचे, कारण सेटवर माझ्या जागेचं तेच नाव होतं. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा आवाज यायचा. कुठे आहे आणि सगळं ठीक आहे, एवढंच. मी वहीत वेळ लिहायची, त्यांना पोच द्यायची, छावणीला कळवायची. अर्धा तास आवाज आला नाही तर विमान बेपत्ता धरून शोधाशोध सुरू करायची, असा नियम होता.

पहिल्या दिवशी माझी जीभ अशी वळली की 'समजलं' अशा अर्थाच्या 'रॉजर'ऐवजी मी 'राजुरी' म्हणाले. पलीकडे दोन क्षण खरखर झाली, मग ते म्हणाले, "से अगेन, हिल?" मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण गावाचं नाव कळलं. दिवसभर त्या आपल्या आपण हसत होत्या.

मावशींना त्या सेटचं मोठं नवल. भाकरी टाकून झाल्या की त्या तंबूत येऊन बसायच्या. आवाज आला की माझ्याआधी म्हणायच्या, "आला बाबा." आवाज आला नाही की गप्प व्हायच्या. कोणतं बटण दाबलं की बोलता येतं आणि सोडलं की ऐकता येतं, हे त्यांनी नुसतं बघून शिकून घेतलं होतं.

मार्चपर्यंत विमान जुन्नरच्या बाजूला, नाणेघाट आणि माणिकडोहच्या पाण्यावरून फिरत होतं तोवर आवाज स्वच्छ यायचा. मग ते दक्षिणेला आंबेगावच्या हद्दीत शिरलं आणि गंमत संपली. आहुप्याच्या कड्याजवळ पोहोचलं की त्यांचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. बारा मिनिटं, कधी पंधरा मिनिटं नुसती खरखर. मग विमान वळून परत आलं की आवाज पुन्हा जिवंत व्हायचा, जणू मधे काही झालंच नाही. छावणीला याची सवय झाली. साहेब म्हणायचे, "तो पट्टा तसाच आहे. अर्ध्या तासाच्या आत येतो ना परत? मग झालं."

मला सवय झाली नाही. त्या बारा मिनिटांत मला वहीतल्या रिकाम्या ओळीकडे बघवायचं नाही. तिथे ती माणसं एकटी असायची, वैमानिक आणि मागे यंत्र सांभाळणारा एक तंत्रज्ञ. बोलले तरी ऐकायला कुणी नाही. मी नकाशावर पेन्सिलीनं खुणा करायला लागले. आवाज कुठे गेला, कुठे आला. पंधरा दिवसांत त्या खुणांचा एक लांबट डाग तयार झाला. मी तो काकांना दाखवला. काकांना नकाशा वाचता येत नव्हता, पण मी बोटानं डोंगर दाखवत गेले तसे ते मान हलवत गेले.

"हितं मधी आपलाच डोंगूर आडवा येतोय," ते म्हणाले. "आमी मेंढरं चारायला गेलो तर हितनं हाक जायाची न्हाई. हाक माराया आमी खालच्या सोंडंवर जायाचो."

"कुठली सोंड?"

"हाकंची सोंड. तिथनं हिकडं डिंभ्याचं पाणी दिसतंय आन् तिकडं कोकण. भाऊ खाली कड्याच्या पायाशी आसला तरी त्याला ऐकू जायाचं."

दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं म्हणून उड्डाण नव्हतं. काका मला घेऊन गेले. लंगडत चालले तरी माझ्या पुढेच होते. सोंड आमच्या तंबूपेक्षा बरीच खाली होती, पंचवीस मिनिटांची वाट. टोकाला एक उघडा कातळ. मी त्यावर उभी राहिले आणि हसूच आलं. डावीकडे घोड नदीचं खोरं आणि डिंभ्याच्या जलाशयाची शेपटी, उजवीकडे आहुप्याकडचे कडे आणि त्यांच्या पायाशी कोकणातली रानं. मधे आडवं काही नाही. ओढ्याजवळचं ते खालचं घर आठवलं, जिथे चित्र लख्ख यायचं.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमची ती जागा आताच्या जागेपेक्षा खाली आहे. आपण सगळ्यांत उंच माथा निवडला तो उगीच का?"

"सर, उंच आहे पण मधला डोंगर झाकतो. सोंडेवरून दोन्ही बाजू दिसतात."

"बघू. हा पट्टा संपला की हलवू. तंबू, बॅटऱ्या, सगळं उचलायचं म्हणजे दोन दिवस जातात."

ते चुकीचं बोलत नव्हते. पाऊस यायच्या आत काम संपवायचं होतं आणि दोन दिवस म्हणजे खूप होते. मी तेवढ्यावर एक काम केलं. दोन-दोन फुटांच्या दोन तांब्याच्या तारा कापल्या, मधे केबल जोडली आणि एक साधा अँटेना तयार केला. हातातल्या छोट्या सेटला तो लावला की आवाज लांब जातो. तो गुंडाळून मी पिशवीत ठेवला. वापरायची वेळ येईल असं वाटलं म्हणून नाही, हाताला काहीतरी हवं होतं म्हणून.

मे संपत आला होता. त्या दिवशी सकाळ स्वच्छ होती, निदान सुरुवातीला. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा आवाज आला, आहुप्याकडे वळतोय म्हणाले, आणि नेहमीसारखं वाक्य तुटलं. मी वेळ लिहिली. मावशी मेंढरांच्या मागे गेल्या होत्या. मी तंबूच्या बाहेर आले तर कोकणाच्या बाजूनं ढग वर येत होता. मे महिन्यात असं होतं, पण इतक्या वेगानं मी पाहिलं नव्हतं. कड्यावरून तो उतू जाणाऱ्या दुधासारखा आत आला. पाच मिनिटांत तंबूचा दोर दिसेनासा झाला.

आठ पंचवीसला आवाज यायला हवा होता. आला नाही. मी हाक दिली. "हिलकडून विमानाला, ऐकू येतंय का?" इंग्रजीत, शिकवलं होतं तसं, शब्दाला शब्द सांभाळून. खरखर. पुन्हा दिली. पुन्हा खरखर. मी छावणीला कळवलं. साहेबांनी विचारलं, "ढग कसा आहे?" मी म्हणाले, "सर, मला माझा हात दिसत नाही."

काका आणि मावशी धापा टाकत वर आले. मेंढरं कुत्र्यांवर सोडली होती. मावशींनी सेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आला न्हाई?"

"नाही."

काका दारात कान देऊन उभे होते. म्हणाले, "ढग माथ्यावर हाय. खाली सोंडंवर नसल. सोंड ढगाच्या खाली ऱ्हाती."

मी छावणीचा सेट उचलला. "सर, मी खालच्या सोंडेवर जाते. छोटा सेट घेऊन."

"जागा सोडू नका," साहेब लगेच म्हणाले. "तुम्ही निघालात आणि तो त्याच वेळी बोलला तर? कोण ऐकणार?"

हाच प्रश्न मलाही पडला होता. इथे बसले तर नियमानं मी बरोबर होते, आणि सोंडेवर गेले तर कदाचित ती माणसं ऐकू येणार होती. कदाचित.

"मावशी बसतील," मी म्हणाले.

"कोण मावशी?"

मावशी तोवर घोंगडीवर मांडी घालून सेटसमोर बसल्याही होत्या.

पलीकडून साहेब म्हणाले, "जा. पण अर्धा तास झाला की मी नियमानं फोन करणार. ते थांबणार नाही."

"करा सर. करायलाच हवा."

मी मावशींना सांगितलं, "ह्याच्यात माझा आवाज येईल. विमानाचाही येईल. मी जे सांगेन ते ह्या दुसऱ्यात साहेबांना सांगायचं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं."

"ठावं हाय मला. तू पळ."

पळताना मी दोनदा पडले. करवंदीच्या जाळीत ओढणी अडकली ती तशीच सोडली. काका मागे होते, दुखऱ्या पायानं, हातात काठी घेऊन. वाटेत ढगात काही दिसत नव्हतं, पण त्यांना पायाखालचा दगडन् दगड माहीत होता. "डावीकडं घे! आता सरळ!" असं ओरडत ते मला मागून हाकत होते, मेंढरं हाकतात तसे. पंचवीस मिनिटांची वाट आम्ही किती वेळात उतरलो ते मला माहीत नाही. एकदम पायाखालची वाट दिसायला लागली, मग झाडं, मग कातळ. काकांचं खरं होतं. ढग आमच्या डोक्यावर छतासारखा अडकला होता आणि आम्ही त्याच्या खाली होतो.

काकांनी काठी उभी धरली. मी तारा काठीला वर-खाली बांधल्या, त्यांच्या मुंडाशाच्या पटक्यानं. सेट लावला.

मी हाक दिली. काही नाही.

"काठी वर धरा काका."

त्यांनी कातळावर चढून काठी डोक्याच्या वर धरली. मी पुन्हा हाक दिली. आणि खरखरीतून एक आवाज आला, आधी नुसते तुकडे, मग पूर्ण.

"हिल? हिल! कब से बुला रहा हूँ, बेटा! कोई है भी वहाँ?"

मी खाली बसले. माझ्या तोंडून इंग्रजी आलं नाही, हिंदी आलं नाही. मी मराठीत म्हणाले, "आहे, आहे, मी आहे!" मग सावरले.

त्यांनी भराभर सांगितलं. विमान ठीक आहे, दोघंही ठीक आहेत. कड्याजवळ असताना ढग उसळला आणि परतीची वाट बंद झाली. ते कोकणच्या बाजूला खाली उतरले आणि आता ढगाच्या खाली, कड्यांच्या पायाशी घिरट्या घालताहेत. वर छत आहे, समोर डोंगर ढगात आहेत, त्यात घुसायचं नाही. उत्तरेला, नाणेघाटाकडे जाऊन पाहिलं, तिकडेही बंद. पेट्रोल तासाभराहून थोडं जास्त. दक्षिणेला एक डोंगर बाहेर आलेला आहे, त्याच्या पलीकडचं त्यांना दिसत नाही. मला काही दिसतंय का?

मला दिसत होतं. मी कातळाच्या टोकाला गेले. नाणेघाट झाकलेला होता. ढाकोबाचा डोंगर झाकलेला होता. पण दक्षिणेला, भीमाशंकरच्या बाजूला ढगाची कड संपत होती आणि तिथून पुढे ऊन पडलं होतं. डिंभ्याचं पाणी चमकत होतं. मी काकांना विचारलं, "तिकडे ढग यायची शक्यता आहे का आत्ता?"

काकांनी वाऱ्याकडे तोंड करून बघितलं. "आजून घटकाभर तरी न्हाई. वारं तिरकं हाय."

सेटवर मी फक्त मला दिसलं तेवढंच सांगितलं. तुमच्या दक्षिणेला जो डोंगर बाहेर आलाय, त्याच्या पलीकडे माथे उघडे आहेत, ऊन आहे, मला डिंभ्याचं पाणी स्वच्छ दिसतंय. उत्तरेकडे सगळं बंद. आणि इथल्या एका जाणत्या माणसाच्या मते वारा तिरका आहे, अजून थोडा वेळ तसंच राहील.

ते म्हणाले, "गुड. जाऊन बघतो. जमलं नाही तर पश्चिमेला मोकळ्यात निघून जाईन, काळजी करू नका. माझं ठिकाण खाली कळवा."

मग मी मावशींना हाक दिली. "मावशी, ऐकताय का?" म्हणाले आणि मराठीत सांगितलं, विमान खाली कोकणात आहे, दोघंही ठीक आहेत, आता भीमाशंकरकडून वर येणार.

"ऐकत्ये की! समदं ऐकलं. आता ह्या साहेबाला सांगत्ये."

त्यांनी छावणीला काय सांगितलं ते मला नंतर साहेबांकडून कळलं. साहेबांनी नुकताच धावपट्टीवर फोन करून विमान बेपत्ता असल्याचं सांगितलं होतं. रिसीव्हर अजून हातातच होता. तेवढ्यात सेटवर एका बाईचा आवाज आला, "आवो साहेब, इमान सापडलं! खाली कोकणात हाय, दोगं बी बरी हायेत. पोरगी बोलली त्याच्यासंगं. आता ते भीमाशंकराकडनं वर येतंय. तुमी घाबरू नका, च्या घ्या."

त्यानंतरची दहा-बारा मिनिटं मी आणि काका दक्षिणेकडे बघत उभे होतो. काकांनी काठी खाली घेतली नव्हती. हात भरून आले असणार, पण मी म्हणाले तरी ऐकेनात. "आवाज तुटला मंजी?" एवढंच म्हणाले. वैमानिक दर दोन मिनिटांनी बोलत होते. डोंगर ओलांडतोय. समोर उजेड आहे. आता निळं दिसतंय. वर चढतोय.

मग काका म्हणाले, "त्यो बघ."

मला आधी दिसलं नाही. मग भीमाशंकरच्या डोंगरावर, ढगाच्या कडेच्या बरंच वर, एक पांढरा ठिपका दिसला. तो हळूहळू मोठा झाला आणि डिंभ्याच्या पाण्यावर आला. पाण्यावर त्याची सावली पडली असेल तर ती मला दिसली नाही, मला नीट काहीच दिसत नव्हतं, डोळे भरले होते. विमानानं आमच्या बाजूला वळसा घेतला आणि पंख एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवले.

"काय झालं त्याला?" काका घाबरून म्हणाले.

"काही नाही काका. राम राम म्हणतात."

काकांनी तेव्हा काठी खाली घेतली आणि हात जोडले.

वर जायला आम्हाला तास लागला. आता काकांना गुडघा आठवला होता. मावशी सेटसमोरून हलल्या नव्हत्या. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरल्याचं छावणीनं त्यांनाच आधी कळवलं होतं, आणि ते त्यांनी मला इतक्या मोठ्यानं सांगितलं की कुत्री भुंकायला लागली. मग त्या उठल्या आणि त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून परत बसल्या. आम्ही तिघं तिथेच बसून हसत सुटलो. कशाला हसत होतो ते सांगता आलं नसतं. त्या दिवशी मी मावशींच्या घरात भर दुपारी जी झोपले ती संध्याकाळी मेंढरं परत आल्यावर उठले. इतकी गाढ झोप मला त्या चार महिन्यांत लागली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी साहेब स्वतः वर आले. सोंडेवर जाऊन उभे राहिले, नकाशा उघडला, मिटला. "माझं चुकलं," म्हणाले, एवढंच, पण सगळ्यांसमोर. तंबू हलवायला दोन दिवस लागले. खालच्या वाडीतली माणसं बॅटऱ्या उचलायला आली. सोंडेवरून काम सुरू झालं आणि उरलेल्या सगळ्या उड्डाणांत वहीत एकही ओळ रिकामी राहिली नाही.

काम संपायच्या आठवड्यात वैमानिक आम्हाला भेटायला आले. माझ्या कल्पनेत ते उंचपुरे होते. प्रत्यक्षात बुटके, गोल, डोक्यावर टक्कल, चढानं लालेलाल झालेले. आधी ते कातळावर गेले आणि बराच वेळ कोकणाकडे बघत उभे राहिले. मग मावशींच्या ओसरीवर भाकरी आणि ठेचा खाल्ला, पाणी मागितलं, पुन्हा ठेचा घेतला. काकांना ते म्हणाले, "तुम्ही म्हणालात वारा तिरका आहे. तुम्हाला कसं कळलं?" मी मराठीत सांगितलं. काकांना प्रश्नच कळेना. वारा तिरका होता, त्यात कळायचं काय?

मावशींनी त्यांना विचारलं, "वरनं आमची मेंढरं दिसत्यात का?"

मी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, दिसतात, काळे ठिपके दिसतात, रोज मोजायचा प्रयत्न करतो पण विमान पुढे निघून जातं.

"छत्तीस हायेत," मावशी म्हणाल्या. "सांग त्याला."

पुढची काही वर्षं मी त्याच कामावर निरनिराळ्या डोंगरांत गेले. सगळीकडे पोहोचल्यावर आधी मी तिथल्या गुराख्यांना विचारायची की तुम्ही हाक कुठून मारता. साहेबांनीही ती पद्धत घेतली. नव्या माणसांना शिकवताना ते हे अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, आणि कुणी हसलं तर त्यांना आवडायचं नाही.

वडिलांना मी त्या दिवसाची हकिगत घरी गेल्यावर सांगितली. ते जेवत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मधे एकदाही घास घेतला नाही. शेवटी म्हणाले, "ती दोगं, त्यांची बायका-पोरं आसतील न्हाई?"

"असतील ना."

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि जेवायला लागले. थोड्या वेळानं आईला म्हणाले, "तिला आजून एक भाकर वाढ."